शहरी वृक्षांवरील लाकूड कुजवणारी बुरशी

लाकूड कुजवणारी बुरशी म्हणजे वृक्षाच्या काष्ठातील सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन या घटकांचे विकरांच्या साहाय्याने विघटन करून त्यांवर जगणाऱ्या कवकांचा समूह. या समूहातील बहुसंख्य जाती गदाकवकांच्या (ज्यांत अळंबीही मोडतात) वर्गातील असून काही थोड्या धानीकवकांच्या वर्गातील आहेत. जंगलात पडलेले लाकूड मातीत परत मिसळते ते मुख्यतः या कवकांमुळे. मात्र हीच कवके रस्त्याकडेच्या जिवंत वृक्षाच्या बुंध्यात किंवा मुळांत शिरली की वृक्षाचा भार पेलणारा भाग आतून पोकळ होतो आणि वरचा पर्णसंभार हिरवा असतानाच वृक्ष कोसळू शकतो. त्यामुळे खोडावर दिसणारे कवक कोणते, ते कोठे उगवले आहे आणि ते वृक्षाच्या ऱ्हासाचे कारण आहे की परिणाम, हे ओळखणे शहरी वृक्षसंगोपनात महत्त्वाचे मानले जाते. प्रस्तुत लेखात या कवकांची ओळख प्रामुख्याने नवी मुंबई व लगतच्या कोकण किनाऱ्यावरील वृक्षांच्या संदर्भात दिली आहे.

पार्श्वभूमी

वृक्ष कुजल्यामुळे त्यावर अळंबी उगवते, अशी समजूत एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातही रूढ होती. जर्मन वनस्पतिरोगशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग (१८३९–१९०१) यांनी १८७० च्या दशकात हा क्रम उलटा असल्याचे दाखवून दिले. लाकडातील सूक्ष्म तंतू आणि सालीबाहेर दिसणारे फळीसारखे फलनांग हे एकाच सजीवाचे दोन भाग असून कूज त्या तंतूंमुळेच होते, हे त्यांनी सिद्ध केले. त्यांच्या अभ्यासात पाइन वृक्षाचे मध्यकाष्ठ कुजवणारे कवक प्रमुख होते. पुढील शंभर वर्षे या विषयावरील लेखन बहुतांशी पाइन, फर, स्प्रूस अशा सूचिपर्णी वृक्षांभोवती फिरत राहिले. भारतातही हिमालयातील चीड व कैल या पाइनांवरील कवकांचा अभ्यास डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत बराच झाला. तेथील बी. के. बक्षी यांचा भारतीय पॉलिपोर कवकांवरील ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रात पाइन नैसर्गिकरीत्या वाढत नाही. किनाऱ्यावर ज्याला अनेक जण पाइन समजतात तो सुरू हा वृक्ष सूचिपर्णी नाही. तो सपुष्प वनस्पती असून त्याच्या ‘सुया’ म्हणजे सांधे असलेल्या बारीक हिरव्या फांद्या होत. बंगल्यांच्या आवारात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून लावला जाणारा अरॉकेरिया सूचिपर्णी असला तरी पाइनच्या कुळातील नाही. नवी मुंबईत पाइनचे लाकूड मोठ्या प्रमाणावर दिसते ते न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या मालाच्या खोक्यांत आणि पॅलेटांत. अशा लाकडातून कीड व रोग देशोदेशी पसरू नयेत म्हणून आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्याचा गाभा किमान ५६ अंश सेल्सिअस तापमानात सलग ३० मिनिटे ठेवला जातो आणि त्यावर तसा शिक्का मारला जातो. पावसात पडून राहिलेल्या अशा पॅलेटांवर तपकिरी कुजीचे नमुने सहज पाहावयास मिळतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या उपयोगाची आहे. कारण या परिसरातील जिवंत वृक्षांत ती कूज तुलनेने कमी आढळते.

कुजीचे प्रकार

तपकिरी कुजीत कवक सेल्युलोज व हेमिसेल्युलोज खाऊन टाकते आणि लिग्निन थोडाफार बदलून मागे ठेवते. उरलेले लाकूड तांबूस तपकिरी, ठिसूळ आणि चौकोनी ठोकळ्यांसारखे तडकलेले दिसते व बोटांत चुरडल्यास त्याची भुकटी होते. ही कूज सूचिपर्णी लाकडात अधिक आढळते. लाकडाचे वजन फारसे घटण्यापूर्वीच त्याची ताकद मोठ्या प्रमाणावर कमी होते, हे तिचे वैशिष्ट्य.

पांढऱ्या कुजीत लिग्निनचेही विघटन होते. लाकूड फिकट, मऊ व तंतुमय होते, काही वेळा स्पंजासारखे ओले लागते आणि त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. रुंदपर्णी वृक्षांत, म्हणजेच गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, आंबा, फणस यांत, प्रामुख्याने हीच कूज होते. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात रात्री मंद हिरवट प्रकाशाने उजळणारे लाकूड हेही अशाच लिग्निन पचवणाऱ्या कवकांच्या तंतूंमुळे उजळते. मृदू कूज हा तिसरा प्रकार मुख्यतः धानीकवकांमुळे, सतत ओल्या असलेल्या लाकडात होतो.

कुजीची जागाही प्रकाराइतकीच महत्त्वाची असते. मध्यकाष्ठातील कूज वृक्षाच्या पाणीपुरवठ्याला हात लावत नाही, त्यामुळे पालवी टवटवीत राहते. रसकाष्ठातील कूज पानांवर लवकर दिसते. मुळे व बुंधा यांची कूज दिसते सर्वांत कमी आणि धोका निर्माण करते सर्वांत जास्त.

वृक्षाचा प्रतिकार

प्राण्यांची जखम भरून येते तशी वृक्षाची भरत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अ‍ॅलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवले की, वृक्ष जखमी भाग दुरुस्त करीत नाही. तो त्या भागाभोवती रासायनिक व पेशीय भिंती उभारून त्याला कोंडतो आणि बाहेरून नवे लाकूड घालत राहतो. १९७७ मध्ये मांडलेल्या त्यांच्या प्रतिमानात अशा चार भिंती कल्पिल्या आहेत. त्यांपैकी उभ्या दिशेची भिंत सर्वांत दुबळी असते, म्हणून कूज खोडात वरखाली लांबवर जाते. जखमेनंतर तयार झालेल्या नव्या लाकडाला जुन्यापासून वेगळे ठेवणारी भिंत सर्वांत बळकट असते. जुन्या वडापिंपळांचे खोड पोकळ असूनही ते पिढ्यान्‌पिढ्या उभे राहतात ते यामुळेच.

पोकळ खोड म्हणजे दुबळे खोड, हे समीकरणही सरसकट खरे नाही. वर्तुळाकार खोड वाकताना बहुतेक ताण बाहेरच्या थरांवर येतो. खोडाच्या व्यासाच्या निम्म्या व्यासाची पोकळी मध्यभागी असेल तर वाकण्याविरुद्धची ताकद केवळ सुमारे ६ टक्क्यांनी कमी होते. पोकळी ७० टक्के व्यासाची असेल तर ही घट सुमारे २४ टक्के भरते, आणि त्यापुढे मात्र ती झपाट्याने वाढते. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस मॅटहेक यांनी सुचवलेला नियम, म्हणजे उरलेल्या निरोगी भिंतीची जाडी त्रिज्येच्या किमान तीन दशांश असावी, याच हिशेबाशी जुळतो. पोकळी एका बाजूस सरकलेली असल्यास, ढोलीला मोठे तोंड असल्यास किंवा कूज मुळांत असल्यास हा नियम लागू पडत नाही. त्याच्यावर टीकाही झाली आहे ती मुख्यतः तो अशा ठिकाणीही वापरला गेल्याबद्दल.

नवी मुंबईतील परिस्थिती

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि त्यानंतर वाशी, नेरूळ, बेलापूर इत्यादी उपनगरे टप्प्याटप्प्याने उभी राहिली. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ पासून अस्तित्वात आली. नियोजित रस्त्यांच्या कडेने लावलेल्या वृक्षांत गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष यांसारख्या झटपट वाढणाऱ्या, बहुतांशी परदेशी मूळ असलेल्या जातींचा भरणा होता. सावली लवकर मिळाली, पण जलद वाढणारे लाकूड सहसा हलके असते आणि या जातींची रस्त्याकडेची झाडे आता प्रौढत्वाकडून वार्धक्याकडे झुकू लागली आहेत. शहराचा बराचसा भाग खाडीकाठच्या खाजणावर मुरूम व माती टाकून तयार केलेला असल्याने मुळे खोल न जाता भरावाच्या थरातच पसरतात. त्यात दूरध्वनी, वीज, गॅस व पाण्याच्या वाहिन्यांसाठी वारंवार होणारे खोदकाम मुळे तोडते. बुंध्याला लागून घातलेले काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक मुळांचा श्वास कोंडतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतील वृक्षांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता तो याच कारणासाठी.

कवकाला आत शिरण्यासाठी उघडे लाकूड लागते. ते खोदकामाने तुटलेल्या मुळांतून मिळते, वाहनांच्या धक्क्याने सोललेल्या सालीतून मिळते, जाहिरातींच्या खिळ्यांतून मिळते. आणि सर्वाधिक मिळते ते चुकीच्या छाटणीतून. पावसाळ्यापूर्वी होणाऱ्या छाटणीत फांदीच्या मुळाशी असलेली फुगीर कड राखून तिच्या बाहेरच्या अंगाने काप घेतला तर वृक्ष तो भाग लवकर कोंडू शकतो. हातभर खुंट ठेवून तोडलेली किंवा खोडाशी सपाट कापलेली फांदी मात्र कवकाला दार उघडून देते. छाटणीनंतर अवघ्या काही आठवड्यांत पाऊस सुरू होतो व हवेत बीजुकांची रेलचेल होते, हा योग वृक्षाच्या दृष्टीने फारसा चांगला नाही.

३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ आणि मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ यांत मुंबई महानगर प्रदेशात मोठ्या संख्येने वृक्ष पडले. पडलेल्या वृक्षाचे निरीक्षण ही या अभ्यासातील उत्तम संधी असते, परंतु रस्ता मोकळा करण्याच्या घाईत ती बहुधा वाया जाते. बुंध्याशी आखूड, बोथट व मऊ टोकांची मुळे दिसल्यास मूळकुजीची शक्यता असते. टोके स्वच्छ कापलेली आणि लाकूड टणक असेल तर दोष बुरशीचा नसून खोदकामाचा असतो.

प्रमुख कवके व त्यांची ओळख

गॅनोडर्मा हे या परिसरातील सर्वांत महत्त्वाचे कवक. गुलमोहर, सुरू, बाभूळ, नारळ अशा अनेक वृक्षांच्या बुंध्याशी, जमिनीलगत ते उगवते. एका गटातील फलनांगे लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत, तांबूस ते गर्द तपकिरी असून वाढती कड पांढरी किंवा पिवळसर असते. दुसऱ्या गटातील फलनांगे निस्तेज, राखाडी-तपकिरी, कठीण आणि अनेक वर्षे जगणारी असतात. त्यांच्या खालच्या पांढऱ्या पृष्ठभागावर नखाने ओरखडा काढल्यास तो लगेच तपकिरी होतो. दोन्ही गटांत बीजुकांची भुकटी कोकोच्या पुडीसारखी तपकिरी असते आणि ती हवेच्या झोताने उलट फिरून फलनांगाच्या माथ्यावर, आजूबाजूच्या पानांवर व सालीवर साचते. ही तपकिरी धूळ दुरूनही ओळखू येते. चकचकीत नमुन्यांना भारतात दीर्घकाळ ‘गॅनोडर्मा ल्युसिडम’ म्हटले गेले. तथापि ते नाव मूळ इंग्लंडमधील नमुन्यावरून दिलेले असून येथील नमुने वेगवेगळ्या जातींचे असल्याचे अलीकडील अभ्यास दर्शवतात. नारळाच्या बागायतदारांना हे कवक वेगळ्या नावाने परिचित आहे: तमिळनाडूत १९५२ च्या सुमारास लक्षात आलेला ‘तंजावर मर’ हा रोग गॅनोडर्मामुळेच होतो. बुंध्याभोवती गॅनोडर्माची फलनांगे दिसू लागतात तेव्हा आतील कूज बहुधा जुनी झालेली असते.

फेलिनस व त्याच्या जवळच्या प्रजातींची फलनांगे घोड्याच्या खुरासारखी, लाकडाइतकी टणक आणि बहुवर्षायू असतात. माथा काळपट व भेगाळलेला, तर खालचा सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग गंजासारखा तपकिरी असतो. आतील मगज पिवळट तपकिरी असून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाचा थेंब टाकताच तो काळा पडतो. ही साधी कसोटी या कुळाच्या ओळखीस फार उपयोगी आहे. फणस, खैर, बाभूळ इत्यादींच्या खोडावर, बहुधा उंचावर व जुन्या फांदीच्या खुणेपाशी ती आढळतात. कोकणात फणसाच्या खोडावरील अशा कवकाला फणसोंबा म्हणतात आणि ते उगाळून हिरड्यांना लावण्याची, लाळ गळणाऱ्या मुलांना देण्याची जुनी रीत आहे. पुणे विद्यापीठातील जे. जी. वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकौषधींची नोंद केली आहे. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कवकांत प्रत्यक्षात एकाहून अधिक जाती असल्याने त्यांच्या औषधी गुणांविषयीचे दावे सावधपणे घ्यावे लागतात.

फेलिनसच्याच कुळातील पायऱ्होडर्मा नॉक्सियम (पूर्वीचे नाव फेलिनस नॉक्सियस) हे कवक तपकिरी मूळकूज घडवते. त्याची फलनांगे क्वचितच दिसतात. मुळांवर व बुंध्यावर मोज्यासारखे चढणारे तपकिरी-काळे कवच आणि त्यात घट्ट चिकटलेली माती व खडे हीच त्याची खूण. ते एका वृक्षाच्या मुळांतून शेजारच्या वृक्षाच्या मुळांत जाते, त्यामुळे ओळीत लावलेल्या वृक्षांत ते एकामागून एक बळी घेऊ शकते. हाँगकाँग व तैवान येथील शहरी वृक्षांत त्याने मोठी हानी केली आहे.

उरलेली सहज दिसणारी कवके तुलनेने कमी घातक आहेत. शायझोफायलम कम्यून हे लहान, पांढरट, केसाळ पंख्यासारखे कवक मेलेल्या फांद्यांवर व उन्हाने भाजलेल्या सालीवर उगवते. त्याच्या खालच्या पट्ट्या मधोमध चिरलेल्या असतात. कोरड्या दिवसांत ते आक्रसून बसते आणि पहिल्या सरीबरोबर पुन्हा उलगडते. मणिपुरात ते आवडीने खाल्ले जाते. ट्रामेटेस सँग्विनिया हे भडक नारिंगी-तांबडे, पातळ कवक उन्हातील वाळक्या ओंडक्यांवर असते आणि रंगामुळे त्याची छायाचित्रे सर्वाधिक काढली जातात, पण जिवंत वृक्षाला त्याचे भय नगण्य आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी मोठी छिद्रे असलेले हेक्सागोनिया, कानाच्या पाळीसारखे मऊ ऑरिक्युलॅरिया, कोळशाच्या गोळ्यासारखे आणि आडवे कापल्यास एकात एक वलये दाखवणारे डाल्डिनिया, जमिनीतील लाकडातून मेलेल्या बोटांसारखे वर येणारे झायलेरिया हीही याच वर्गातील होत. बुंध्याजवळच्या गवतात एका रात्रीत उगवणाऱ्या नाजूक ‘कुत्र्याच्या छत्र्या’ बहुधा मातीतील पालापाचोळ्यावर जगतात. त्यांचा वृक्षाच्या आरोग्याशी संबंध जोडणे ही सर्वांत वारंवार होणारी चूक आहे.

निरीक्षणाची पद्धत

ओळखीची सुरुवात कवकापासून न करता वृक्षापासून करतात. वृक्षाची जात, कवकाची जमिनीपासून उंची, ते जिवंत सालीतून आले आहे की मेलेल्या लाकडातून, शेंडा वाळला आहे काय, पाने लहान झाली आहेत काय, बुंधा जमिनीशी अकारण फुगला आहे काय, यांची नोंद प्रथम घेतली जाते. नंतर फलनांगाचा माथा, खालचा पृष्ठभाग आणि उभा काप यांची स्वतंत्र छायाचित्रे घेतात. केवळ माथ्याच्या छायाचित्रावरून जात सांगणे बहुतेक वेळा अशक्य असते. ताज्या फलनांगाचा तुकडा छिद्रे खाली येतील असा कागदावर रात्रभर झाकून ठेवल्यास बीजुकांचा रंग कळतो. कागद अर्धा पांढरा व अर्धा काळा असावा, म्हणजे फिकट बीजुकेही दिसतात. या तपासणीसाठी जुलै ते ऑक्टोबर हा काळ योग्य असतो. उन्हाळ्यात फक्त टणक, बहुवर्षायू फलनांगे शिल्लक राहतात.

नवी मुंबईत एक स्थानिक अडचण येते. रस्त्याकडेच्या खोडांना गेरू व चुन्याचे पट्टे रंगवण्याची प्रथा असल्याने नेमका बुंध्याचा भाग रंगाखाली झाकला जातो, आणि रंगकामापूर्वी खोड ‘स्वच्छ’ करताना फलनांगेही खरवडली जातात. फलनांग काढल्याने कूज थांबत नाही. नाहीशी होते ती केवळ तिची खूण. ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी पद्धतही आता त्याज्य ठरली आहे. खोड वाऱ्याने हलते, सिमेंट हलत नाही, आणि मधल्या फटीत पाणी साचून कूज वाढते.

आतील कुजीचा अंदाज लाकडी हातोडीने खोड ठोकून येणाऱ्या आवाजावरून घेता येतो. अधिक नेमकेपणासाठी बारीक सुईचे छिद्र पाडून लाकडाचा विरोध मोजणारे यंत्र किंवा खोडाभोवती संवेदक लावून ध्वनिलहरींचा वेग मोजणारी पद्धत वापरतात. ही साधने खोडाची आतील स्थिती दाखवतात, कवकाची जात नव्हे, आणि मुळांबाबत तर फारच थोडे सांगतात.

कारण की परिणाम

खोडावर कवक दिसले म्हणजे वृक्ष कवकामुळेच मरत आहे असे नाही. मुंबई परिसरात गेल्या दशकात अनेक पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने वाळले. त्यांच्या मेलेल्या फांद्यांवर नंतर शायझोफायलमसारखी कवके उगवली, पण ती मृत्यूनंतर आलेली होती. वाळवीचेही असेच आहे. सालीवर मातीचे थर दिसले तरी अनेकदा वाळवी फक्त मेलेली साल खात असते.

हा भेद केवळ शास्त्रीय राहत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरातील वृक्ष तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची वा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मात्र मृत, रोगट अथवा जीवित, मालमत्ता वा वाहतूक यांस धोकादायक वृक्षाबाबत परवानगी देण्याकडे कायद्याचा कल आहे. त्यामुळे वृक्षाच्या वाळक्या फांदीवरील निरुपद्रवी कवकाचे छायाचित्र ‘रोगट’ असल्याचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. उलट, हिरव्यागार गुलमोहराच्या बुंध्याशी असलेल्या गॅनोडर्माकडे दुर्लक्ष होऊन त्याखाली उभी केलेली वाहने आणि माणसे धोक्यात राहतात. २०२१ मधील दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला. शहरातील सर्वांत जुनी नियोजित लागवड आता या वयोमर्यादेजवळ पोहोचत असल्याने असे निर्णय येथे वाढत जाणार आहेत.

तोडणे किंवा तसेच ठेवणे, एवढेच दोन पर्याय नसतात. माथ्याचा भार मर्यादित प्रमाणात कमी करणे, फांद्यांना आधार देणे, बुंध्याभोवतीचे काँक्रीट काढणे, खालची वाहने दुसरीकडे हलवणे यांनीही धोका घटतो. उद्यानाच्या कोपऱ्यातील, ज्याखाली कोणी थांबत नाही असा कुजका वृक्ष राखून ठेवण्यात लाभच आहे. तांबट पक्षी कुजून मऊ झालेल्या फांदीतच घरटे कोरतो आणि पिंगळा तयार ढोलीत राहतो.

नमुन्यांचे जतन

ओळख पक्की करण्यासाठी फलनांग मंद उष्णतेवर वाळवून, वृक्षाचे नाव, ठिकाण व दिनांक यांच्या नोंदीसह कागदी पाकिटात ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना एका दिवसात सडतो. जातीचा अंतिम निर्णय सूक्ष्मदर्शकाखालील बीजुके व तंतू यांवरून आणि अलीकडे डीएनए क्रमावरून केला जातो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कवकतज्ज्ञ शं. ल. आजरेकर यांच्या नावाचा वाळलेल्या कवकांचा संग्रह असून जिवंत कवकांचा राष्ट्रीय संग्रहही तेथेच आहे. पश्चिम महाराष्ट्रातील गॅनोडर्माच्या जातींवर पुण्यातील संशोधकांचे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.